आमचा माणूस

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू का, आता दमलोय मी. एका वाक्याची राखण करण्यात एवढी वर्षं जातात, एवढी ताकद जाते, असं मला वाटलं नव्हतं.

मी नांदेडात एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. सर्वनाम, विशेषण, शब्दांच्या छटा — हेच माझं पोटापाण्याचं काम. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं 'चुकून बोलून गेलो' असं म्हणायची सोय मला राहणार नाही. दुसरा एखादा म्हणाला असता तर चाललं असतं. मी काय बोलतोय ते मला बोलतानाच कळत होतं.

व्यंकट लातूरचा. जळालेल्या मोटारीत नव्यानं तांब्याची तार भरून द्यायचं, रिवाइंडिंगचं, त्याचं छोटं दुकान होतं. हाताला कायम वार्निशचा वास. दहावीनंतर शिकला नाही, पण हात असा की बंद पडलेलं यंत्र त्याच्याकडं बघूनच निम्मं सुरू व्हायचं. आम्ही चौदा वर्षं एकमेकांचे आहोत. मित्र म्हणून नव्हे, नवरा-बायको एकमेकांचे असतात तसे. तेव्हा तो शनिवारी दुपारच्या बसनं लातूरहून यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. विष्णुपुरीच्या रस्त्याला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. शेजारी त्याला 'सरांचे पाहुणे' म्हणायचे. आमच्याकडं पाहुणा म्हटलं की लोक फार तर गाव विचारतात.

थायलंडला जायची कल्पना त्याचीच. करोना सरल्यावरची पहिली दिवाळीची सुट्टी होती. कुठल्याशा व्हिडिओत त्यानं बघितलं होतं — दोन पुरुष हातात हात घालून बाजारातून चाललेत, आणि भाजीवाली मान वर करूनही बघत नाही. तो व्हिडिओ त्यानं मला किती वेळा दाखवला असेल. "मला ते दोघं न्हाई बघायचे," म्हणायचा. "मला ती भाजीवाली बघायची हाय." आता त्या देशात दोन पुरुषांचं लग्न कायद्यानं लागतं. तेव्हा कायदा व्हायचा होता, लोकांची मात्र तयारी झालेली होती.

मी खूप टाळाटाळ केली. पेपर तपासणी आहे, माझा पासपोर्ट जुना झालाय, तुझं पोट बिघडेल. त्यानं एकेक अडचण मोटारीसारखी उघडून दुरुस्त करून टाकली. शेवटी हैदराबादहून आम्ही विमानात बसलो. खिडकीजवळची जागा त्याची होती. विमान उठलं तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि मी तो पांघरुणाखाली घेतला. कुणापासून लपवला? शेजारी एक म्हातारा थाई गृहस्थ घोरत होता.

बँकॉकच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीनं हात जोडले, दोघांचे पासपोर्ट बघितले, आणि एकच मोठा पलंग ठेवलाय, चालेल ना, असं अगदी साधेपणानं विचारलं. चहा घेणार का विचारावं, तसं. मी इंग्रजीत म्हणालो, हो, हा माझा पार्टनर आहे. आवाज जरा चिरकला, पण म्हणालो. खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेले, चोचीला चोच लावून. व्यंकट त्यांच्यापुढं उभाच राहिला. ते त्यानं मोडू दिले नाहीत. सगळे दिवस घरून आणलेल्या पंच्यानंच अंग पुसत होता.

मग त्यानं विचारलं, तिला काय म्हनलास? मी सांगितलं.

"पार्टनर तर दुकानातबी असतो," तो म्हणाला. "मराठीत सांग की. माझा माणूस हाय म्हनून."

हे जरा समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. त्याच्या गावाकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्याची आई त्याच्या वडलांना जन्मभर 'माझा माणूस' म्हणत आली. माझा माणूस रानात गेला, माझ्या माणसाला ताक लागतं, आणि ते वारल्यावर, माझा माणूस गेला. व्यंकटसाठी याच्याइतका भरलेला दुसरा शब्द नव्हता. मी हसून म्हटलं, त्या पोरीला मराठी कुठं कळतंय? तर म्हणाला, "मला कळतं की."

मी ते हसण्यावारी नेलं. नंतर म्हणू, असं वाटलं. माणूस असं का समजतो, की नंतर म्हणता येईल?

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठच्या एका मोठ्या देवळात गेलो. ऊन कडक होतं. त्यानं स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली, जरा नीट केली, आणि तिकिटांच्या रांगेत गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मोहन ना रे तू?"

मालतीकाकू. आमच्या जुन्या गल्लीतल्या. त्यांचे यजमान सुधाकरकाका माझ्या वडलांच्या ऑफिसात होते. माझी आई आजारी पडली तेव्हा सात महिने या बाईनं आमच्याकडं दोन्ही वेळचा डबा पाठवला होता, आणि एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आई गेल्यावर मला आपलं म्हणावं असं जे एक घर नांदेडात उरलं, ते त्यांचं. दोघं कुठल्याशा सहल कंपनीबरोबर आले होते. त्या दिवशी मंडळींना मोकळा दिवस होता, काकांचा गुडघा दुखत होता, आणि परक्या देशात नांदेडचं तोंड दिसल्यावर काकूंना भरूनच आलं.

इकडचं तिकडचं झालं. आणि मग काकूंनी विचारलं, "मघाशी तुला टोपी घालत होता तो कोण रे?"

त्या वेळी मला किती वेळ मिळाला असेल? काकूंनी डोळ्यांवर हात धरून रांगेकडं बघितलं, तेवढाच. त्या देशात मला कुणाची भीती नव्हती. कुणी मारणार नव्हतं, कुणी घर सोडायला लावणार नव्हतं. दहा पावलांवर दोन पोरी एकमेकींच्या कमरेत हात घालून फोटो काढत होत्या. आणि तरी माझ्या तोंडून आलं —

"तो? तो आमचा माणूस आहे."

नांदेडच्या आमच्यासारख्या घरांत या दोन शब्दांना एकच अर्थ आहे. आमचा माणूस पाठवतो, सिलेंडर द्या. आमचा माणूस येऊन पार्सल नेईल. कामाचा माणूस. माझा माणूस म्हणजे नवरा, आमचा माणूस म्हणजे गडी. मला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका.

काकूंचा चेहरा मोकळा झाला. "बरं केलंस," म्हणाल्या. "परदेशात आपला माणूस हाताशी असलेला बरा. आमचेच बघ की हाल, साधी पिशवी धरायला कुणी नाही."

व्यंकट तिकिटं घेऊन आला. त्यानं काका-काकूंना वाकून नमस्कार केला, कारण माझ्याकडून त्यांच्याबद्दल त्यानं भरपूर ऐकलं होतं. काकूंनी आशीर्वाद दिला आणि हातातली पिशवी त्याच्याकडं दिली. एवढं धर रे.

ती पिशवी त्यानं दिवसभर धरली. काकांचे बूट देवळाच्या दारात सांभाळले, होडीत चढताना त्यांना जवळजवळ उचलून घेतलं, शहाळी आणली, फोटो काढले. एकाही फोटोत तो नाही. मी काकांशी जुन्या ऑफिसच्या गप्पा मारत चाललो होतो. मधूनमधून मागं बघायचो, तर दोन खांद्यांना दोन पिशव्या अडकवून तो येतोय, आणि हसतोय. मला वाटलं, आता खोलीत गेल्यावर भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी खोलीत आल्यावर पाय धुता धुता त्यानं विचारलं, "मी रांगेत होतो तवा त्यांनी माझं विचारलं असंल की. काय सांगितलंस?"

आणि मी म्हणालो, "सांगितलं. माझा माणूस आहे म्हणून."

'आमचा'चं 'माझा' केलं. एका सर्वनामाचा फरक. वर्गात याला मी अर्धा गुण कापतो.

त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "मराठीत?" मी मान हलवली. "मग काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, बरं केलंस."

हे तर शब्दशः खरं होतं ना? तो पलंगाच्या कडेला बसला आणि रडायला लागला. दिवसभराच्या ओझ्याचा अर्थ मला तेव्हा कळला. काकूंनी जे मायेनं काम सांगितलं, ते त्यांना आपलं नातं कळलंय म्हणूनच सांगितलं असणार, असं त्याला दुपारपासूनच वाटत होतं. नव्या सुनेला सासू नाही का, पहिल्याच दिवशी हाताशी धरते? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो, आणि मला वाटत होतं की वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून त्यांच्या हॉटेलवर गेला, पिशव्या धरायला. निघताना काकूंनी त्याला काकांचा एक चौकड्याचा शर्ट दिला. ह्यांना घट्ट होतोय, तुला बसेल बघ. घरच्या कामवाल्यांना त्या असेच जुने कपडे देतात. व्यंकटनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्यांच्या पाया पडला. परतीच्या विमानात मला म्हणाला, "आहेर केला रे मला त्यांनी."

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. ऐन वेळी घाबरला बिचारा, म्हणाल. म्हणू नका. पुढं ऐका.

लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. सगळं घर रानात जातं, कडब्याच्या छोट्या झोपडीत, कोपीत, पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे घेऊन लोक एकमेकांना जेवायला बोलावतात. आम्ही परत आलो त्यानंतर दीडेक महिन्यानं ती आली. व्यंकट घरी गेला, आणि जेवणं झाल्यावर कोपीपाशी एकट्या बसलेल्या आईला त्यानं सगळं सांगून टाकलं. मी तिथं नव्हतो, हे त्याच्याकडूनच कळलेलं. म्हणाला, आई, तू घाबरू नको, नांदेडच्या एका मोठ्या घरातल्या काकूंना ठावं हाय, त्यांनी मान्य केलंय, मला आहेर केलाय. माझ्या त्या एका वाक्याच्या जोरावर तो एवढं बोलला. तोवर चाळीस वर्षं बोलला नव्हता.

त्याला बांधून द्यायची भज्जी आईनं बांधून दिली. संध्याकाळी थोरल्या भावानं रस्त्यापर्यंत येऊन सांगितलं की आता इकडं येऊ नको. लातूर काही फार मोठं नाही. पोरांची लग्नं व्हायचीत घरात.

तो दुकान बंद करून नांदेडला आला तो कायमचा. जुन्या मोंढ्याकडं एका शटरमध्ये पुन्हा सुरुवात केली. आईला रोज सकाळी फोन लावायचा, ती कट करायची. रोज. मी चहा करत असायचो, आणि ते ऐकू यायचं. एकदा वाजून बंद. मग तो माझ्याकडं बघून म्हणायचा, "जाऊ दे. नांदेडात एक घर तरी हाय आपलं."

तेव्हा सांगायचं होतं. हो ना? अशा किती सकाळी गेल्या असतील? दीड वर्षाच्या. प्रत्येक सकाळी मी ठरवलं आणि प्रत्येक सकाळी चहात साखर घातली. सांगितलं असतं तर त्याचं ते एक घरही गेलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. खोटं आहे ते. सांगितलं असतं तर तो मला सोडून गेला असता. मला त्याची भीती होती, दुसरी कसलीच नव्हती.

मग मे महिन्यात काकूंचा फोन आला. नातीचं लग्न होतं, मंगल कार्यालय ठरलेलं. "तू तर येशीलच," म्हणाल्या. "पण तुझा तो माणूस दे बाबा दोन दिवस. प्रामाणिक आहे. सामानाच्या खोलीवर तसाच कुणीतरी लागतो."

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? समोर कुणी उभं नव्हतं. फोन ठेवल्यावर पूर्ण दुपार माझ्या हातात होती. व्यंकट दुकानातून जेवायला आला, आणि मी ताट वाढता वाढता म्हणालो, "काकूंनी तुला लग्नाला बोलावलंय. दोन दिवस आधीपासून. घरच्यासारखं."

कबूल करायचं ते हे आहे. थायलंडमध्ये निदान विचार करायला वेळ नव्हता. नांदेडात मी माझ्या माणसाला जाणून-समजून गडी म्हणून कामाला पाठवलं, आणि आमंत्रण आहे म्हणून सांगितलं.

तो चौकड्याचा शर्ट घालून गेला. मी लग्नाच्या दिवशी अक्षतांच्या वेळेला पोचलो. मला दुसऱ्या रांगेत बसवलं, टोपी-टॉवेल दिला. पहिल्याच पंगतीला काका स्वतः हाताला धरून घेऊन गेले. आणि जिलेबीचं ताट घेऊन वाढायला आला तो व्यंकट. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आमच्याकडं घरचे लोकही वाढतातच, त्यामुळं त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट ऐट होती चेहऱ्यावर, आपल्या घरचं कार्य असल्याची. "घ्या की सर," म्हणाला. लोकांसमोर तो मला सरच म्हणायचा. दोन जास्तीच्या वाढल्या.

मी त्या खाल्ल्या.

आदल्या दोन रात्री तो कुठं झोपला होता, कुणाबरोबर जेवला होता, मी काही विचारलं नाही. अर्ध्या तासात मी कार्यालयातून निघालो. पेपर तपासायचेत म्हणून सांगितलं.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. पाय सुजलेले. मी मिठाचं गरम पाणी बादलीत काढून दिलं, आणि त्यात पाय सोडून तो सांगत होता. नवरीची पाठवणी व्हायच्या वेळी फुलांच्या टोपल्या सापडेनात. काकू स्टेजवर उभ्या राहिल्या आणि माइकवरच म्हणाल्या, "मोहनचा माणूस कुठंय? मोहनच्या माणसाला बोलवा."

"माइकवर रे," तो म्हणाला. "समद्या मांडवासमोर. मोहनचा माणूस."

मी बादलीत आणखी पाणी ओतलं.

त्यानं तसाच, ओल्या पायांनी, आईला फोन लावला. त्या दिवशी तिनं कट केला नाही. का, ते मला माहीत नाही. दीड वर्षात कंटाळली असेल तीही. तो भडाभडा बोलला, लग्न, जिलेबी, माइक. मग त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "तू सांग. तिला खरं वाटंना."

त्याच्या आईचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. बारीक, जरा बसलेला. "सर, माझं पोरगं म्हनतंय ते खरं हाय का? त्या बाईला ठावं हाय? मान्य हाय?"

मी म्हणालो, "हाव आई. खरं आहे."

तिनं त्याला परत बोलावलं. असंही होतं, बघा. नांदेडच्या शिकल्या-सवरल्या घराला चालतंय, तर मी कोण अडाणी बाई नाही म्हणणारी — असं ती थोरल्याला म्हणाली म्हणे. त्या साली येळवसेला व्यंकट रानात जाऊन जेवून आला. आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. माझाही तसाच समज करून घ्यायचा बेत होता.

पण तिनं एक मनात धरलं होतं. त्या बाईला एकदा भेटायचं. गेल्या श्रावणात ती आली. पिशवीत इरकली साडी, खण, नारळ, आणि रानातल्या मुगाची डाळ. मी काकूंना आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता. व्यंकटची आई येतेय, तुम्ही त्याला एवढं आपलं मानता म्हणून भेटायला. काकू म्हणाल्या, "ये की घेऊन. आणि तो आलाच तर खालची पाण्याची मोटार बघ म्हणावं, आवाज करतेय."

त्यामुळं व्यंकट खालीच राहिला, मोटारीपाशी. वर मी, त्याची आई आणि काकू. काका आतल्या खोलीत झोपले होते. आईनं काकूंच्या पायावर डोकं ठेवलं. काकू चपापल्या, पण बाई भल्या आहेत, त्यांनी तिला उठवून बसवलं. साडी बघून म्हणाल्या, कशाला हो एवढं. मग म्हणाल्या, "पोरगा गुणी आहे तुमचा. आमच्या मोहनला मागंपुढं कुणी नाही. त्याला सोडून जाऊ नको म्हणावं."

आईच्या डोळ्याला धार लागली. "न्हाई जानार," म्हणाली. "जल्माचा हाय त्यो."

मी दोघींच्या मधल्या खुर्चीत बसलो होतो. दोघी अगदी मनापासून बोलत होत्या. आणि मला एवढंच वाटत होतं की जुळलं, आता चहा घेऊन निघावं.

चहा आला. मला कपबशीत. काकूंनी स्वतःचाही कपबशीत घेतला. आईला स्टीलच्या पेल्यात, खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असतो त्यात.

आईनं पेल्याकडं बघितलं. मग माझ्या कपाकडं. मग, अगदी थोडा वेळ, माझ्याकडं. साठ-पासष्ट वर्षं दुसऱ्याच्या ओसरीवर चहा प्यायलेली बाई ती, तिला कुणी व्याकरण शिकवायची गरज नव्हती. तिनं चहा सावकाश प्यायला. उठली, मोरीत जाऊन पेला स्वतः धुतला, आणि खिडकीत होता तिथं पालथा घातला. काकूंनी तिला नको म्हटलं नाही.

जाताना ती पुन्हा काकूंच्या पाया पडली. साडी तिनं परत घेतली नाही.

रिक्षात व्यंकट पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. मोटारीचं बेअरिंग गेलं होतं ते त्यानं बदललं होतं, आणि तो खुशीत होता. मागं वळून म्हणाला, "काय आई, कशी हायत आमच्या काकू?"

"लई चांगल्या," आई म्हणाली.

तो पुन्हा पुढं बघायला लागल्यावर तिनं आवाज खाली घेतला. रस्त्याच्या गोंगाटात मलाच जेमतेम ऐकू आलं.

"त्या बाईला ठावं न्हाई. व्हय ना, सर?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नाही, ठाऊक नाही."

ती रागावली नाही. व्यंकटच्या पाठीकडं बघत राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. रेल्वे फाटक लागलं, गाडी गेली, रिक्षा पुन्हा निघाली, तेव्हा म्हणाली, "त्याला सांगू नका. लई वर्सांनी हासाया लागलाय त्यो."

आता मी म्हणू शकतो की तिनं शब्द घेतला म्हणून गप्प आहे. पण मी त्याआधीची सगळी वर्षं गप्पच होतो, तेव्हा कुणी घेतला होता शब्द?

आणि शेवटचं. त्या रिक्षात मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटतंय का? ती नंतर वाटली. त्या क्षणी ती म्हातारी डोळे पुसत होती, आणि मला हलकं वाटलं. ओझं धरायला कुणीतरी मिळालं म्हणून.